मोटार सरकारची, हिशेब कोणाचा?

परदेशांतील भारतीय वकिलातींच्या मोटारींवर किती खर्च होतो आणि त्या मोटारी नेमक्या कोणत्या कामी येतात, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो. कधी लेखापरीक्षणाच्या अहवालात एखादा परिच्छेद येतो, कधी संसदेत एखादा प्रश्न विचारला जातो, चार दिवस चर्चा होते आणि मग सारे शांत होते. हिंगण्याच्या बाजारात तुरीचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला या चर्चेचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही, असे वरवर पाहता वाटेल. लंडनच्या रस्त्यावरची उच्चायुक्तांची मोटार आणि हिंगण्याच्या तहसील कचेरीसमोर उभी असलेली गाडी यांचा संबंध तो काय? वस्तुतः हा संबंध फार जवळचा आहे. एका गाडीचे पैसे केंद्र सरकार देते, दुसरीचे राज्य सरकार. पण दोन्ही सरकारांची तिजोरी भरणारा करदाता एकच. दोन्ही गाड्या व्यक्तीला नव्हे, पदाच्या कामाला दिलेल्या असतात. आणि त्या कोठे गेल्या, कशासाठी गेल्या, हे पैसे देणाऱ्याला सहसा कळत नाही, हेही दोन्हींच्या बाबतीत सारखेच खरे आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या शेवटच्या गोष्टीचा.

विशेषाधिकार कशासाठी?

प्रथम वकिलातींचेच उदाहरण घेऊ. राजदूताला मोटार मिळते आणि तिच्यावर आपल्या देशाचा ध्वज लावण्याचा अधिकारही मिळतो, तो १९६१ साली व्हिएन्ना येथे झालेल्या राजनैतिक संबंधविषयक आंतरराष्ट्रीय करारामुळे. या करारानुसार वकिलातीच्या वाहनांची झडती घेता येत नाही, त्यांच्यावर जप्ती आणता येत नाही. वकिलातीच्या अधिकृत वापराच्या वस्तूंवर आयात-जकात लागत नाही. भारताने हा करार स्वीकारला आणि १९७२ साली स्वतंत्र कायदा करून त्याला आपल्या कायद्यात स्थान दिले. दिल्लीत निळ्या पाटीच्या ज्या मोटारी दिसतात, त्यांना लाभलेले संरक्षण याच कराराचे फळ होय. मात्र या कराराच्या प्रास्ताविकात एक महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवलेली आहे. हे विशेषाधिकार कोणा व्यक्तीच्या लाभासाठी नाहीत, वकिलातीचे काम सुरळीत व्हावे एवढ्यासाठीच आहेत, असा तिचा आशय आहे. इतकेच नव्हे, तर ज्या देशात राहावयाचे त्या देशाचे कायदे पाळणे हे विशेषाधिकार उपभोगणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असेही करारात स्वतंत्र कलमाने म्हटले आहे.

करार असे सांगतो; व्यवहार काय झाला? न्यूयॉर्क शहरात संयुक्त राष्ट्रसंघामुळे जगातील बहुतेक सर्व देशांचे राजनैतिक प्रतिनिधी राहतात. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या मोटारी नको तेथे उभ्या केल्याबद्दल दीड लाखाहून अधिक दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या आणि त्या भरल्याच गेल्या नाहीत. थकलेली रक्कम एक कोटी ऐंशी लाख डॉलरांहून अधिक होती. या प्रतिनिधींवर खटला भरता येत नव्हता आणि गाडी जप्तही करता येत नव्हती. उपदेश पुष्कळ झाले, पत्रेही पुष्कळ गेली. अखेर २००२ च्या उत्तरार्धात शहराला एक साधा अधिकार मिळाला: ज्या मोटारीचे तीन दंड थकतील तिची राजनैतिक पाटी काढून घ्यावयाची. परिणाम असा झाला की थकबाकीचे हे प्रकार सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. त्याच देशांचे तेच प्रतिनिधी, तेच रस्ते आणि त्याच मोटारी. बदलला तो केवळ नियम.

लंडनमध्ये याची दुसरी बाजू दिसते. तेथे शहराच्या मध्यभागी मोटार नेणाऱ्यास फेब्रुवारी २००३ पासून गर्दी-आकार द्यावा लागतो. अनेक वकिलातींचे म्हणणे असे की हा कर आहे आणि करातून त्यांना सूट आहे. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाचे म्हणणे असे की हा कर नव्हे, सेवेचे शुल्क आहे. या वादात २००३ पासून २०२३ अखेरपर्यंत साठलेली थकबाकी १४ कोटी पौंडांहून अधिक झाली. यादीत अग्रभागी अमेरिका, तिची बाकी १ कोटी ४० लाख पौंडांच्या वर. तिच्या मागोमाग जपान. आणि पहिल्या काहींत आपले भारतीय उच्चायुक्तालय, ज्याच्या नावावर ८० लाख पौंडांहून अधिक रक्कम मांडलेली आहे. रुपयांत हा आकडा पाऊणशे कोटींच्या पुढे जातो. कायद्याच्या दृष्टीने आपली बाजू बळकट असेलही. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु या रकमेचा उल्लेख आपल्या वाचकाला लंडनच्या प्राधिकरणाने छापलेल्या यादीतून समजावा, आपल्या सरकारने स्वतःहून मांडलेल्या विवरणातून नव्हे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

या दोन शहरांची तुलना एक गोष्ट शिकवते. न्यूयॉर्कमध्ये ज्या मोजक्या देशांची दंडाची बाकी शून्य होती, त्यांत जपान होता. तोच जपान लंडनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. तेव्हा अमुक देशाची माणसे स्वभावतःच शिस्तीची आणि अमुक देशाची बेशिस्त, अशी सोपी विभागणी फार दूर नेत नाही. माणसाच्या सचोटीला महत्त्व आहेच. परंतु सार्वजनिक मोटारीच्या बाबतीत सचोटी टिकते ती नियम स्पष्ट असला म्हणजे आणि हिशेब उघडा असला म्हणजे. आपल्या घरच्या प्रश्नाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

दिवा गेला, गाडी राहिली

आपल्याकडे मात्र सरकारी मोटारीचा प्रश्न बहुधा दिखाव्याच्या अंगानेच सोडवला जातो. लाल दिव्याचेच पाहा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याचा वापर उच्च घटनात्मक पदांपुरता मर्यादित करावा असे सांगितले. पुढे १९ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्या वर्षीच्या १ मेपासून, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनापासून, मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरील दिवे उतरले. निर्णय स्तुत्यच होता. दिव्याने जी दहशत उत्पन्न होत होती ती काही अंशी तरी ओसरली. परंतु दिवा उतरल्याने गाडीचे एक लिटर पेट्रोलही वाचले नाही, की ती गाडी एखाद्या दूरच्या गावी एक फेरी जास्त गेली नाही.

याच्या उलट प्रकारचे, परंतु त्याच जातीचे एक उदाहरण दिल्लीत घडले. मेक्सिकोच्या भारतातील राजदूत मेल्बा प्रिया यांनी वकिलातीचे अधिकृत वाहन म्हणून चक्क ऑटोरिक्षा वापरली. तिला राजनैतिक पाटी होती. त्यांच्या साधेपणाचे कौतुक झाले आणि ते होणे योग्यच होते. राजदूताची प्रतिष्ठा मोटारीच्या लांबीवर अवलंबून नसते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु एका व्यक्तीने स्वीकारलेला साधेपणा ही काही व्यवस्था नव्हे. त्या व्यक्तीची बदली होते आणि साधेपणाचीही बदली होते. व्यवस्था हवी ती अशी, की साधा मनुष्य आला काय आणि हौशी मनुष्य आला काय, गाडी कामासाठीच धावावी.

गाडी कोणाच्या दारात?

आता हिंगण्याकडे वळू. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजनेला आरंभ झाला, तेव्हा नागपूर व हिंगणा हा सारा मुलूख मध्यप्रदेश राज्यात होता. या योजनेच्या विस्ताराबरोबर विकास गट आले, गटविकास अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर जीपगाडी आली. पुढे १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि जीप हे ग्रामीण सत्तेचे चालते-बोलते चिन्ह झाले. मूळ कल्पना मात्र सत्तेची नव्हती. चिखलाच्या वाटेने जाऊ शकेल असे वाहन हवे, म्हणजे अधिकारी गावात पोहोचेल, ही ती कल्पना होती. गाडी दिली होती ती अधिकाऱ्याने कचेरीबाहेर पडावे म्हणून.

हिंगणा तालुक्याची ठेवणच अशी आहे की येथे सरकारी वाहनाची खरी कसोटी लागते. नागपूर शहराच्या बाजूला औद्योगिक वसाहत, कारखाने, कामगारांच्या वस्त्या. वेणा नदीच्या खोऱ्यात आणि पलीकडे कापूस, तूर, सोयाबीन व संत्र्याची शेती. कान्होलीबारा, टाकळघाट, गुमगाव यांसारखी गावे आणि त्यांच्याभोवतीची लहान खेडी. गारपीट झाली तर आठवड्याभरात पंचनामे व्हावे लागतात. कपाशीवर बोंडअळी पडली तर कृषी खात्याचा माणूस त्याच हंगामात बांधावर यावा लागतो. रात्री रेतीचा चोरटा उपसा होतो तर पथक रात्रीच निघावे लागते. अशा वेळी सरकारी गाडी नसणे हीच मोठी उधळपट्टी ठरते, कारण न झालेल्या पंचनाम्याची किंमत गाडीच्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून सरकारी गाड्या सरसकट कमी करा, अशी मागणी करणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे.

परंतु आपल्या प्रशासनात गाडी वाटली जाते ती कामाच्या मापाने नव्हे, वेतनश्रेणीच्या मापाने. गावोगाव फिरतो तो तलाठी, म्हणजे २०२४ पासूनचा ग्राम महसूल अधिकारी. फिरतो तो ग्रामसेवक, कृषी सहायक. फिरते ती आशा कार्यकर्ती. यांपैकी कोणालाही सरकारी गाडी नसते. ते आपल्या दुचाकीवर किंवा एस.टी.ने जातात आणि त्यांच्या हाती पडणारा प्रवासभत्ता तुटपुंजा असतो. पदाची पायरी जसजशी वर जाते, तसतसे फिरणे कमी होते आणि गाडी मोठी होते. कोणत्या पदाच्या अधिकाऱ्यास किती किमतीपर्यंतची गाडी घेता येईल, याच्या मर्यादा शासन वेळोवेळी ठरवते आणि वाढवते. २०२५ सालीही त्या वाढवल्या गेल्या. किमतीची मर्यादा असणे योग्यच आहे. पण त्या गाडीने वर्षभरात किती दिवस खेड्यांत घालवले आणि किती दिवस शहरात फेऱ्या मारल्या, हे दरवर्षी जनतेसमोर मांडण्याचा दंडक मात्र आढळत नाही. एकूण पद्धतच अशी आहे की गाडी कोणाची याचा निर्णय काळजीपूर्वक होतो आणि गाडी कशासाठी याचा निर्णय चालकाला मिळणाऱ्या तोंडी आदेशावर सोडला जातो.

अधिवेशनाचा पंधरवडा

या विसंगतीचे सर्वांत बोलके दृश्य नागपूरकरांना हिवाळी अधिवेशनात दिसते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, शासनाने दरवर्षी ठराविक काळ नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरवावे, असे ठरले. उद्देश उघड होता: मुंबई दूर आहे, तेव्हा सरकारने विदर्भाच्या जवळ यावे. त्याप्रमाणे सरकार येते. पण सरकार आले की मंत्री, राज्यमंत्री, सचिव आणि त्यांचे कर्मचारी यांच्या दिमतीला वाहने लागतात, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यालयांच्या गाड्या व चालक नागपुरास बोलावून घेतले जातात. म्हणजे ज्या पंधरवड्यात सरकार विदर्भाच्या दारी येते, त्याच पंधरवड्यात सरकारी गाडी तालुक्यांच्या दारातून निघून जाते. ही विडंबना कोणी मुद्दाम घडवलेली नाही. गाड्यांची जुळवाजुळव करणाऱ्या अधिकाऱ्यांचाही त्यात दोष नाही. दोष आहे तो या गृहीतकात, की खेड्यातील काम पंधरा दिवस थांबू शकते आणि नागपुरातील मंत्र्याची फेरी मात्र पंधरा मिनिटेही थांबू शकत नाही. डिसेंबर हा तर कापूस वेचणीचा आणि खरेदीचा महिना. गाडी जाण्यास याहून गैरसोयीची वेळ क्वचितच असेल.

आणि नागपुरात आज पर्याय नाही असेही नाही. जानेवारी २०२० पासून लोकमान्यनगर ते सीताबर्डी अशी मेट्रो धावते. दुसऱ्या टप्प्यात ती लोकमान्यनगरापासून हिंगण्यापर्यंत नेण्याची योजना मंजूर आहे. सीताबर्डीपासून विधानभवन फार लांब नाही. मोर्चाला येणारा हिंगण्याचा कामगार या मेट्रोने सीताबर्डीस उतरून पायी जाऊ शकतो, तर अधिवेशनासाठी आलेल्या प्रत्येक कक्ष अधिकाऱ्यास स्वतंत्र गाडी हवीच असे मानण्याचे कारण नाही. निवासस्थाने आणि विधानभवन यांच्यामध्ये सामायिक बसगाड्या ठेवता येतील. जेथे मोटार अपरिहार्य आहे तेथे ती नागपुरातच भाड्याने घेता येईल. भाडे दिसेल, टोचेल, आणि म्हणूनच कमी होईल. तालुक्यातून आणलेली गाडी फुकटची वाटते, कारण तिचे खरे भाडे कोण्या गावात न झालेल्या कामाच्या रूपाने चुकते होते.

कोणी म्हणेल की आता गाड्याच बदलत आहेत. प्रश्न आपोआप सुटेल. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत न करण्याचा नियम केंद्राने केला, आणि तो करणारे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार. महाराष्ट्राने २०२२ च्या प्रारंभापासून नवी सरकारी वाहने विजेवर चालणारीच घ्यावीत असे धोरण जाहीर केले. दोन्ही निर्णय धुराच्या दृष्टीने उचित आहेत. अनेक कार्यालये आता स्वतःची गाडी न घेता कंत्राटी गाडी मासिक भाड्याने घेतात, त्यातही काही सोय आहे. परंतु चुकीच्या दारात उभी राहणारी गाडी विजेवर चालली तरी चुकीच्याच दारात उभी राहील. कंत्राटी गाडीची नोंदवही कपाटात राहिली तर तीही सरकारी गाडीइतकीच मुकी राहील.

नोंदवही उघडा

येथे मुख्य मुद्दा येतो. प्रत्येक सरकारी गाडीला नोंदवही, म्हणजे लॉगबुक, असते. गाडी किती वाजता निघाली, निघताना किलोमीटरचा आकडा काय होता, कोठे गेली, कोणत्या कामासाठी, परतल्यावर आकडा काय, इंधन किती घातले, आणि शेवटी वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. केंद्राच्या स्टाफ कार नियमांत तर खासगी प्रवासाची नोंद करून त्याचा आकार भरण्याचीही तरतूद आहे. म्हणजे नवी यंत्रणा उभारावयाची नाही, नवा कायदा करावयाचा नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली केला. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने तर, कोणी मागण्याची वाट न पाहता, शासनाने आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी असे बंधन घातले. त्या कलमाच्या भावनेला अनुसरून लॉगबुकाचा मासिक गोषवारा प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर लावला, तर पुष्कळ काम होईल.

यावर तीन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला सुरक्षिततेचा. पोलिसांची गस्त किंवा धोका असलेल्या व्यक्तीचा प्रवास उघड करता येणार नाही, हे मान्य. पण तहसीलदाराची गाडी गेल्या महिन्यात किती दिवस गावांत गेली, हे पुढच्या महिन्यात सांगितल्याने कोणाची सुरक्षितता धोक्यात येते? दुसरा आक्षेप रकमेचा: मोठमोठे घोटाळे सोडून पेट्रोलचे थेंब काय मोजता? उत्तर असे की येथे पेट्रोलापेक्षा महत्त्वाची आहे ती अधिकाऱ्याची गावात झालेली किंवा न झालेली भेट. ती मोजण्याचे याहून स्वस्त साधन नाही. तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या मानाचा. प्रामाणिक अधिकाऱ्यावर हा अविश्वास नव्हे काय? उलट, जो अधिकारी खरोखर फिरतो त्याचे फिरणे आज कोणालाच दिसत नाही. उघड्या नोंदवहीचा पहिला लाभ त्यालाच होईल.

शिवाय मानाची गोष्ट निघालीच तर दुसऱ्या एका वहीची आठवण करून द्यावी लागेल. महाराष्ट्राने देशाला रोजगार हमीची कल्पना दिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्या कामावर माती वाहणाऱ्या मजुराचा प्रत्येक दिवस हजेरीपटावर चढत आला आहे. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्या हिशेबाची ग्रामसभेपुढे सामाजिक तपासणी करण्याची तरतूद केली. मजुराची दिवसाची हजेरी गावासमोर तपासली गेली तर त्यात कोणास अविश्वास दिसला नाही. मग ज्याच्या गाडीचा एका दिवसाचा खर्च त्या मजुरीहून किती तरी अधिक आहे, त्याच्या प्रवासाची वही गावाने पाहिली तर अवमान का व्हावा? दोन्ही पैसे सार्वजनिक आहेत. हिशेबाचे माप मात्र दोन आहेत, आणि ते एक झाले पाहिजे.

तेव्हा मागणी मोठी नाही. तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक कार्यालयाने आपल्या प्रत्येक वाहनाचा मासिक गोषवारा प्रसिद्ध करावा: एकूण किलोमीटर, क्षेत्रभेटीचे दिवस, इंधन, दुरुस्ती. हिवाळी अधिवेशनासाठी क्षेत्रीय कार्यालयांच्या गाड्या न घेण्याचा स्पष्ट आदेश निघावा, आणि अधिवेशनाच्या वाहनखर्चाचे विवरण त्याच अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे. परराष्ट्र मंत्रालयाने वकिलातींची वाहने, त्यांचा वापर आणि परदेशी शहरांत त्यांच्या नावे मांडलेली वादग्रस्त देणी यांचे वार्षिक विवरण संसदेस सादर करावे. देणे अमान्य असेल तर का अमान्य, तेही सांगावे. या तिन्हींस पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती केवळ तयारी.

आरंभ दिल्लीपासून किंवा लंडनपासून व्हावा अशी वाट पाहण्याचेही कारण नाही. हिंगण्यासारख्या एका तालुक्यातील पंचायत समितीने, तहसील कचेरीने, कृषी कार्यालयाने आपल्या दोन-चार गाड्यांचा महिन्याचा हिशेब दारावरील फलकावर लावला, तर ते आजच होऊ शकते. कान्होलीबाऱ्याहून आलेला शेतकरी तो वाचील आणि विचारील की गाडी चार वेळा नागपूरला गेली, आमच्याकडे एकदाही का आली नाही? हा प्रश्न विचारला जाणे आणि त्याचे उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक असणे, एवढ्यासाठीच ती नोंदवही उघडावयाची आहे. गाडी सरकारची आहे, पण ती जिच्या पैशाने चालते त्या जनतेला तिचा रस्ता माहीत असलाच पाहिजे.